सड्यावरची चाकं

गाडी डांबर सोडून सड्यावर चढते तेव्हा काही मोडल्याचा आवाज होत नाही. पावसाळ्यात खाली ओलं गवत आणि काळा-तांबडा दगड असतो, उन्हाळ्यात नुसता तापलेला खडक. झाड पडलेलं नसतं, कुणाच्या पिकात चाक गेलेलं नसतं, कुंपण वाकलेलं नसतं. मग बिघडलं काय, असं चालक विचारतो आणि मनापासून विचारतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात फोर बाय फोर गाड्या आणि मोटरसायकली कुठवर न्याव्यात, कोणत्या वाटा त्यांना बंद कराव्यात, हा वाद आता गावोगाव ऐकू येतो. चालकाच्या या साध्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तो सुटायचा नाही. म्हणून कायदा नंतर बघू, आधी जमीन बघू.

महाबळेश्वर-पाचगणीपासून कास, ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर करत खाली चांदोलीतल्या झोळंबीपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर सपाट पठारं पसरली आहेत; त्यांनाच इथे सडा म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांवर जांभ्याचं कवच आहे. काळ्या बेसाल्टमधली बाकीची द्रव्यं लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि त्यातून हा तांबडा, सच्छिद्र, वरून कडक झालेला थर तयार झाला. त्यावर माती अशी जवळजवळ नसतेच. खडकाच्या खळग्यांत आणि भेगांत साठलेली बोटभर, फार तर वीतभर. तीही निकस. इथल्या काही वनस्पती किडे पकडून पोट भरतात त्या याच कारणाने. दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत किडा अडकवते, आणि कासला निळी-जांभळी चादर घालणारी सीतेची आसवं मातीतल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीव ओढून घेतात.

कासचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे. फुलं येणाऱ्या 850हून अधिक जातींची नोंद तिथे झालेली आहे. त्यांतल्या कितीतरी जाती सह्याद्रीच्या बाहेर सापडत नाहीत. वायतुरा या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. हे सगळं ज्यावर उभं आहे ती माती, पुन्हा सांगतो, बोटभर.

आता यावरून चाक नेऊन पाहा. माणसांसकट अशी गाडी दोन टनांच्या घरात जाते आणि तिच्या टायरला चिखल धरून ठेवणारी खोल नक्षी असते. ओल्या मातीवर ते वजन पडलं की मातीतल्या हवेच्या आणि पाण्याच्या बारीक जागा मिटतात. काही माती दाबली जाते, काही दोन्ही बाजूंना सारली जाते, आणि मधे चाकोरी पडते. सड्याला उतार फार थोडा असतो, त्यामुळे जिथे खळगा तिथे पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहतं. गेंद, वायतुरा आणि दवबिंदू जगतात ते या साचलेल्या पाण्यावर आणि त्याच्या काठच्या ओलीवर. चाकोरीने अशा खळग्याचा काठ फोडला की पाण्याला पाट मिळतो. पाऊस तेवढाच पडतो, पण महिनाभर टिकणारं डबकं उघडीप मिळताच आटतं.

दुसरी गोष्ट लगेच घडते. पहिल्या गाडीने चिखल केला म्हणून दुसरी गाडी चाकोरी चुकवून शेजारून जाते. तिसरी तिच्याही शेजारून. सहा-सात फुटांची बैलगाडीची जुनी वाट दोन-तीन पावसाळ्यांत तीस-चाळीस फुटांचा राडा होते. मूळ वाट कुठली होती हे गावकऱ्यालाही मग दाखवता येत नाही. सप्टेंबरात अशा ठिकाणी खाली वाकून बघा. चाकोरीच्या बाहेर गेंदाची पांढरी गोल डोकी दाटीने उभी असतात. आत टायरच्या नक्षीचे ठसे आणि त्यांत गढूळ पाणी. त्या पाण्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं वळवळत असतात, कारण बेडकीला हे डबकं आणि ते डबकं यांतला फरक कळत नाही. त्यांना पाय फुटायच्या आत पुढच्या शनिवारी पुढची गाडी येते.

पावसाळ्यातलं हे नुकसान निदान दिसतं. उन्हाळ्यातलं दिसत नाही, आणि माझ्या मते ते अधिक गंभीर आहे. एप्रिल-मे महिन्यात सडा मेल्यासारखा वाटतो. फुलं नाहीत, पहारा नाही, चिखल नाही, म्हणून गाडी घालायला हाच काळ बरा, असं समजूतदार चालकसुद्धा मानतात. खरी परिस्थिती नेमकी उलटी आहे. या काळात पुढच्या वर्षाचं बी आणि कंद त्या बोटभर मातीत पडून असतात, आणि चाकाने भुगा झालेली कोरडी माती वळवाच्या पहिल्या सरीबरोबर कड्यावरून खाली जाते. टिटवी, चंडोल, रातवा हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तीही दगडांत मिसळून जातील अशा रंगाची. चालत जाणाऱ्या माणसाचा पाय त्यांच्यावर पडू शकतो. गाडीतल्या माणसाला ती दिसण्याची शक्यताच नाही.

चाळकेवाडीच्या पठारावर राहणाऱ्या एका सरड्याचं उदाहरण घ्या. नराच्या गळ्याला निळ्या, काळ्या आणि केशरी रंगांची घडी असते. विणीच्या काळात तो उंचशा दगडावर चढून ती पंख्यासारखी उघडतो-मिटतो. 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याला सराडा सुपर्बा हे नाव दिलं. त्याचं हे सगळं प्रदर्शन उन्हाळ्यात चालतं आणि मादी अंडी घालते ती मातीत. त्याआधी 2008 साली साताऱ्याच्या नावाची एक छोटी पाल शास्त्राला माहीत झाली, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. ती दिवसा सड्यावरच्या सुट्या दगडांखाली बसते. गाडीचं चाक फिरायला लागलं आणि पकड मिळेना, की बरोबरची मंडळी खाली उतरून काय करतात? आजूबाजूचे दगड उचलून टायरखाली घालतात.

बिघडलं काय, याचं उत्तर एवढं आहे. हे नुकसान एका गाडीचं नाही, एका दिवसाचं नाही. पण सड्याला डागडुजी करायला माती नाही, हे त्यातलं मुख्य.

गाड्या एवढ्या वर पोहोचल्या कशा? चाळकेवाडी आणि पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर 1990च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येक मनोऱ्यापर्यंत अवजड वाहन जायला रस्ता हवा, म्हणून पठारांवर रस्त्यांचं जाळं झालं. एकेकाळी गुराख्यांशिवाय कुणी जात नव्हतं तिथे गाडी जाऊ लागली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीला केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी दिसले. त्यामुळे सरडे वाढले होते, आणि त्यांचं वागणं, शरीराची ठेवणसुद्धा बदललेली आढळली. हा अभ्यास गाड्यांचा नव्हता, आणि त्याचा दाखला गाड्यांविरुद्ध देणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण सड्यावर एक गोष्ट हलवली की दुसरी आणि तिसरी कशी हलते, हे त्यातून कळतं.

मग गाड्या बदलल्या. चारही चाकांना जोर देणारी जीप पूर्वी वनखात्याकडे, पाटबंधारे खात्याकडे किंवा एखाद्या बागायतदाराकडे असायची. ऑक्टोबर 2020मध्ये महिंद्राची नवी थार आली, 2023मध्ये मारुतीची जिम्नी आली, आणि डोंगरात चालणारी पण शहरात मिरवता येणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. पुणे, कराड, सांगली, कोल्हापूर ही शहरं या पठारांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत. हातात कॅमेऱ्याचा फोन आहे. सडावाघापूरला पावसाळ्यात दरीतून उसळणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. ते बघायला शनिवार-रविवारी रांगा लागतात आणि त्या रांगेतल्या काही गाड्या डांबर सोडून माळावर शिरतात. जुलै 2025मध्ये तिथल्याच परिसरात, टेबल पॉइंटजवळ, ओल्या गवतावर गाडी गरागरा फिरवताना एका तरुणाची मोटार सुमारे 300 फूट खोल दरीत गेली आणि तो गंभीर जखमी झाला.

असं काही घडलं की प्रशासन जागं होतं. पावसाळी पर्यटनस्थळांवर जमावबंदीसारखे मनाई आदेश निघतात, पोलीस उभे राहतात. जीव वाचवायला ते हवंच. पण बंदीचं कारण फक्त दरी आणि पाणी असलं, की पावसाळ्याबरोबर बंदीही संपते. सप्टेंबरनंतर दरी धोक्याची वाटत नाही आणि मार्चनंतर तर सडा कुणाच्या खिजगणतीतही नसतो. माणसाच्या जिवासाठी केलेली बंदी जमिनीला उपयोगी पडत नाही ती अशी.

कायदा काय म्हणतो? इथे जमिनीचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिला प्रकार अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाचा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत त्याचं क्षेत्र सुमारे 1,165 चौरस किलोमीटर आहे. इथे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो आणि त्याचं 27वं कलम स्पष्ट आहे: सरकारी कामावरचा माणूस, परवानाधारक, आत ज्याची मालमत्ता आहे तो आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारा, असे मोजके लोक सोडले तर आत प्रवेश नाही. बामणोलीहून शिवसागर ओलांडून वासोट्याला जाणाऱ्यांना वनखात्याची परवानगी काढावी लागते ती यामुळे, आणि तीही पायी जाण्याची. चांदोलीत वाहन जातं ते परवान्याने आणि ठरलेल्या रस्त्यावरून. म्हणजे या भागात वाद कायद्याचा उरतच नाही, फक्त पहाऱ्याचा उरतो.

दुसरा प्रकार राखीव वनाचा, जसं कास. 1927च्या भारतीय वन अधिनियमाचं 26वं कलम राखीव वनातली घुसखोरी गुन्हा ठरवतं. पण त्याच्या अलीकडचं 25वं कलम या वादाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे, आणि त्याची चर्चा कुणी करत नाही. राखीव वनातली सार्वजनिक किंवा खाजगी वाट सरकारच्या मंजुरीने वनअधिकारी बंद करू शकतो. मात्र त्या वाटेला पुरेशी सोयीची पर्यायी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा ती करून दिली पाहिजे. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, परक्या सरकारने आपल्या सोयीसाठी केलेल्या कायद्यातसुद्धा एवढं भान होतं: वाट बंद करायची तर तिच्यावर अवलंबून असलेल्याची सोय आधी बघा.

तिसरा प्रकार सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत उघडा. साताऱ्याच्या कित्येक सड्यांवरची जमीन मालकीची आहे, काही गायरान आहे, काही पवनचक्की कंपन्यांकडे गेली आहे. सातबाऱ्यावर खडकाळ जमीन पोटखराब्यात दाखवली जाते. म्हणजे सरकारदरबारी ती बिनकामाची. खळ्यात किंवा उसाच्या फडात गाडी घातली तर गाव गोळा होईल. पोटखराब्यात घातली तर मालकालासुद्धा आपलं काही गेलं असं वाटत नाही. वनखात्याचा हात इथे पोहोचत नाही आणि महसूल खात्याला इथे बघण्यासारखं काही दिसत नाही.

यात कासचा अनुभव कामाचा आहे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चारांतली तीन आपल्या या दोन जिल्ह्यांशी जोडलेली. त्यानंतर कासवर माणसांचा लोंढा आला. सुरुवातीची काही वर्षं गाड्या थेट फुलांच्या कडेला, कधी फुलांवरच उभ्या राहत. मग कास, कासाणी, आटाळी, एकीव या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि वनखातं यांनी मिळून शिस्त लावली. हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या 3,000वर आणली, ऑनलाइन नोंदणी सुरू केली, गाड्या लांब उभ्या करायला लावल्या, प्रवेशशुल्कातून गावातल्याच पोरांना पहाऱ्याचं आणि वाट दाखवण्याचं काम मिळालं. पायी जायच्या वाटा आखल्या. लोक कुरकुरले आणि मग चालू लागले. गाडी खाली ठेवली म्हणून कासला कुणी जायचं थांबलं नाही.

कासलाच एक चूकही घडली, तीही सांगायला हवी. पठाराला तारेच्या जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि त्याने गाड्यांबरोबर गुरंही अडली. सड्यावरचं गवत गुरांनी खाल्लं की लहान फुलांना ऊन मिळतं. चराई थांबल्यावर गवत माजतं आणि फुलं दबतात, असं गुराखी सांगत होते आणि काही अभ्यासकही तेच म्हणत होते. सड्याला माणसाचा विटाळ नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे धनगर आले, गुरं चरली, बैलगाड्या गेल्या, महाबळेश्वरकडून साताऱ्याकडे येणारा जुना राजमार्ग कासवरूनच जातो आणि आज लोक त्यानेच कुमुदिनी तलावाकडे चालत जातात. वापर जुना आहे. वेग, वजन आणि गर्दी नवी आहे.

आता गाडीवाल्यांची बाजू. ती झटकून टाकण्यासारखी नाही. पहिलं म्हणणं असं, की सरकारी जमीन सगळ्यांची आहे. ज्याला गुडघे साथ देत नाहीत त्याने डोंगर बघायचाच नाही का? दुसरं, चांगले चालक शिस्तीचे असतात, कचरा परत नेतात, चाकोरी सोडत नाहीत. दोष रील काढणाऱ्या हौशांचा आहे. तिसरं, अडीअडचणीला हेच लोक उपयोगी पडतात. 2018च्या केरळच्या महापुरात जीप क्लबांच्या गाड्यांनी माणसं बाहेर काढली, हे खरं आहे. चौथं, गावाला चार पैसे मिळतात.

पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर कासनेच दिलं आहे: ज्याला चालवत नाही त्याच्यासाठी ठरलेल्या रस्त्यावरून गावाची गाडी असावी. डोंगर बघायला सडा तुडवावा लागत नाही. शिस्तीचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. सड्यावर शिस्तीची पन्नासावी गाडीसुद्धा पन्नासावीच असते. शिवाय शिस्तीच्या चालकाने पाडलेली चाकोरी बेशिस्त चालकाला रस्ता दाखवते. पुरातल्या कामाबद्दल ऋणी राहावं. पण त्या कामाचा सराव फुलांवर करायची गरज नाही. ओसाड खाणी आहेत, तयारीचे खाजगी ट्रॅक आहेत, मालकाने राजीखुशीने दिलेली शेतं आहेत.

गावाच्या पैशाचा मुद्दा सगळ्यांत नाजूक आहे, कारण गाडी हा गावाचाही प्रश्न आहे. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात आजही आजारी माणूस डोलीतून उचलून आणावा लागतो. अशा गावात जाणारी वडाप जीप ही चैन नाही. भात, दूध, बाळंतीण, शाळेची पोरं, सगळं तिच्यात. कोयनेच्या आणि वारणेच्या धरणांनी उठवलेली, चांदोलीच्या जंगलातून हलवलेली माणसं खाली वसली, पण त्यांची ग्रामदैवतं आतच राहिली. वर्षातून एकदा देवाला जायचं तर त्यांना परवानगी मागावी लागते. अशा माणसाला ‘वाहनांना बंदी’ ही पाटी दाखवायची आणि पुण्याहून आलेल्या गाड्यांचा ताफा सडा उधळून जाताना गप्प बसायचं, हा अन्याय आहे. बंदी घालताना त्या दोघांना एकाच मापाने मोजणं हाही अन्यायच.

हा भेद करता येतो. आपल्याकडे त्याला वहिवाटीचा आधार आहे. सुविधाधिकाराच्या 1882च्या कायद्यात वाटेचा हक्क दीर्घ, अखंड वापराने मिळतो: खाजगी जमिनीवर 20 वर्षं, सरकारी जमिनीवर 30 वर्षं. गुराख्याची, देवळाची, पाणवठ्याची वाट त्यात बसते. चार-पाच वर्षांपूर्वी कुणीतरी मोबाईलच्या नकाशावर टाकलेला ऑफरोड मार्ग बसत नाही.

दुसऱ्या देशांनी हा गुंता कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत सरकारी रानं अफाट आणि गाड्यांचा शौक जुना. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी 1972मध्ये आदेश काढून सरकारी जमिनींवर अशा वाहनांचे मार्ग ठरवून द्यायला सांगितलं. 1977 साली कार्टर यांनी, नुकसान होत असेल तर मार्ग तात्काळ बंद करण्याचा अधिकार त्यात घातला. तरी पुढची अनेक वर्षं बहुतेक रानांत ‘पाटी नसेल तर खुलं’ असाच व्यवहार राहिला आणि एकेका वाटेवरून कोर्टकज्जे झाले. 2005 साली तिथल्या वनसेवेने नियम उलटा केला. गाड्यांसाठी खुल्या वाटा नकाशावर छापायच्या. जी वाट नकाशावर नाही ती बंद. पाटी असो वा नसो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006च्या कायद्याने दप्तरात नोंद नसलेल्या जुन्या गाडीवाटांवरचे मोटारींचे हक्क, काही अपवाद सोडून, संपवले. आइसलंडमध्ये रस्ता सोडून गाडी चालवणं हाच गुन्हा आहे, कारण तिथल्या शेवाळाला भरून यायला दशकं लागतात. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात 1942 साली जनरल पॅटनच्या सैन्याने रणगाड्यांचा सराव केला. त्या चाकोऱ्या आजही दिसतात.

अमेरिकेतल्या त्या उलट्या नियमाने एक मोठी गोष्ट साधली. अमुक वाट बंद का, हे सिद्ध करण्याचं ओझं वनरक्षकावरून उतरलं आणि अमुक वाट खुली का असावी, हे सांगण्याचं ओझं मागणाऱ्यावर आलं. आपल्या सड्यांना हेच हवं. हजार ठिकाणी पाट्या ठोकायला वनखात्याकडे माणसं नाहीत, आणि ठोकलेली पाटी पुढच्या पावसाळ्यात असेलच याची खात्री नाही. मोजक्या खुल्या वाटांची यादी करणं सोपं आहे. आणि ही यादी बारमाही हवी. फुलांच्या दोन महिन्यांपुरती केली तर सरडा, टिटवी आणि मातीतलं बी तिच्याबाहेर राहील.

सांगली जिल्ह्यात तर अशा यादीची निकड दोन्ही टोकांना आहे. पश्चिमेला शिराळा तालुक्यात चांदोली. तिथे नोव्हेंबर 2025मध्ये ताडोबाहून एक वाघीण आणली गेली. सह्याद्रीत वाघांची संख्या उभी करण्याच्या योजनेतली ही सुरुवात आहे, आणि वाघ काही अभयारण्याची हद्द बघून फिरणार नाही. उत्तरेला कोयना, दक्षिणेला राधानगरी, मधे गावं आणि सडे; त्याची ये-जा मधल्या जमिनींवरूनच व्हायची. पूर्वेला आटपाडी आणि जत, त्यांना लागून साताऱ्यातला माण, खटाव. तिथे सडा नाही, कोरडा माळ आहे, आणि त्याचीही गणना पडीकात होते. त्या माळावर लांडगी पिल्लं घालते, खोकड बीळ करतं, चिंकारा चरतो. सपाट, उघडी, निर्मनुष्य जागा म्हणून तिथे गाड्या आणि मोटरसायकली उधळल्या जातात; लांडगा दिसला तर त्याच्या मागे गाडी घालून फोटो काढण्याचे प्रकारही होतात. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करून हाकणंही येतं. हे त्या फोटोवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं.

राहिली मालकीची आणि गायरान जमीन, जिथे वनखातं काही करू शकत नाही. तिथे गावाचाच इलाज चालेल. 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते. त्याच कायद्याच्या 37व्या कलमाखाली राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकतं. सिंधुदुर्गातल्या एका दलदलीच्या देवराईला असा दर्जा मिळालेला आहे. साताऱ्याच्या एखाद्या सड्याला तो का मिळू नये? दुसरीकडे शेतरस्ते, पाणंद रस्ते आणि शिवरस्ते गावदप्तरी नोंदवण्याची मोहीम सरकारने हाती घेतलेली आहे. तलाठी आणि मोजणीदार गावात येणारच आहेत. शेतात जाणारी वाट नोंदवताना सड्यावर जाणारी वाट, तिचा वापर कोण करतो आणि ती पायी, गुरांची की गाडीची, हेही लिहून घेता येईल.

म्हणून जावळी, पाटण, सातारा, शिराळा आणि आटपाडी तालुक्यांतल्या वाचकांना विनंती आहे. 26 जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा होईल. आपल्या शिवारातल्या वाटांची यादी त्या दिवशी मांडा: देवळाची, पाणवठ्याची, गुरांची, वडापची. यादीतल्या गाडीवाटा सोडून बाकी सडा आणि माळ मोटारींना बारा महिने बंद, असा ठराव करा. त्याची एक प्रत तहसीलदारांना आणि एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या. मार्चमध्ये सरडे दगडांवर चढायला लागतात. त्याआधी एवढं काम होऊ शकतं.